वेस्टर्नची पहिली पायरी: ‘शेन’ कसा बघावा

ज्यांनी आजवर एकही वेस्टर्न सिनेमा धड शेवटपर्यंत पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टोप्या, घोडे, धूळ आणि दर पाच मिनिटांनी ठो-ठो, एवढीच अपेक्षा घेऊन बसलात तर ‘शेन’ तुम्हाला अर्ध्या तासात झोपवेल. मीही पहिल्या खेपेला झोपलो होतो. कॉलेजात असताना एका बंद खोलीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, उसन्या प्रोजेक्टरवर बघत होतो. जाग आली ती थेट पिस्तुलाच्या बाराने. पुढे बऱ्याच वर्षांनी बाबांसोबत घरी बघितला, तेव्हा लक्षात आलं की मी ज्या वेळात घोरत होतो, त्यातच निम्मा सिनेमा होऊन गेला होता.

गोष्ट चार ओळींची आहे. अमेरिकेतलं वायोमिंग, डोंगरांच्या पायथ्याचं एक खोरं. काही गरीब कुटुंबं तिथे जमीन फोडून शेती करतायत. रायकर नावाचा गुरांचा मोठा मालक त्यांना हुसकावून लावतोय. एके दिवशी डोंगर उतरून एक घोडेस्वार येतो, आपलं नाव फक्त ‘शेन’ एवढंच सांगतो आणि स्टारेट कुटुंबाकडे गडी म्हणून राहतो. तो कोण, कुठला, आधी काय करत होता, हे शेवटपर्यंत कुणी नीट सांगत नाही. जॅक शेफर यांच्या १९४९ च्या कादंबरीवरून जॉर्ज स्टीव्हन्स यांनी हा सिनेमा केला. चित्रीकरण १९५१ मध्ये झालं आणि पडद्यावर यायला १९५३ साल उजाडलं, कारण स्टीव्हन्स संकलनाच्या टेबलावरून लवकर उठणारे नव्हते.

‘शोले’ पाहिलेल्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. मात्र तिथे ठाकूर दोघांना पैसे देऊन बोलावतो. इथे शेनला कुणीही बोलावलेलं नाही. तो का थांबला, हा प्रश्न सिनेमाभर मनात ठेवा.

पायरी १: आधी टीव्ही नीट लावा

ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘छायाचित्रणाचं एवढं काय कौतुक’ म्हणतात. ‘शेन’ जुन्या, जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालाय. रुंदी आणि उंचीचं प्रमाण १.३७ : १. म्हणजे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणार, आणि त्या दिसायलाच हव्यात. आमच्या घरी कुणीतरी रिमोटवरचं ‘झूम’ दाबून ठेवलं होतं. पहिली दहा मिनिटं आम्ही शिखरं छाटलेले डोंगर बघत बसलो.

गंमत म्हणजे हा अन्याय सिनेमावर जन्मतःच झाला. १९५३ मध्ये घरोघरच्या टीव्हीला तोंड द्यायला थिएटरवाले रुंद पडद्याच्या मागे लागले होते. त्यामुळे उंच चौकटीसाठी रचलेला हा सिनेमा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये वरून-खालून कापून, १.६६ : १ या प्रमाणात दाखवला गेला. छायाचित्रकार लॉयल ग्रिग्ज यांना या कामाबद्दल ऑस्कर मिळालं. एकूण सहा नामांकनांतलं मिळालेलं ते एकमेव. २०१३ मध्ये आलेली ब्लू-रे मूळ चौकटीत आहे. डिस्क असो की भाड्याने घेतलेली प्रत, सुरुवातीला एखादा डोंगराचा शॉट थांबवून बघा. शिखरांच्या वर आभाळ दिसतंय ना? मग ठीक.

आवाज कमी करू नका. संवाद हळू आहेत आणि गोळ्यांचे आवाज अंगावर येतील इतके मोठे आहेत. हे मुद्दाम केलेलं आहे, त्यावर पुढे येतोच. रात्री अकरानंतर बघणार असाल तर हेडफोन घाला, शेजारी दार वाजवायला नको. इंग्रजी सबटायटल्स जरूर लावा. बोली जुनी आहे, शिवाय खोऱ्यातला प्रत्येक शेतकरी वेगळ्या मुलखातून आलेला, प्रत्येकाचा हेल निराळा.

पायरी २: भांडण कशाचं आहे ते समजून घ्या

वेस्टर्न कळत नाही याचं मोठं कारण म्हणजे आपण पिस्तुलाकडे बघत बसतो. भांडण सातबाऱ्याचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की मराठी प्रेक्षकाला वेस्टर्न फार परका राहत नाही. बांधावरून डोकी फुटलेली आपल्याला माहीत आहेत.

१८६२ मध्ये लिंकन यांच्या सहीने होमस्टेड कायदा आला. सरकारी पडीक जमिनीपैकी १६० एकर निवडा, किरकोळ फी भरा, पाच वर्षं तिथे घर बांधून राहा, जमीन कसा, मग ती तुमच्या नावावर. हे असे आलेले लोक म्हणजे होमस्टेडर. सिनेमातले स्टारेट, टॉरी, लुईस, सगळे त्यातले. १६० एकर ऐकून आपले डोळे विस्फारतात, कारण आपल्याकडे कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादाच ५४ एकर आहे. पण वायोमिंगचा बराचसा भाग कमी पावसाचा आणि उंचावरचा, हिवाळा कडक. तिथे तेवढ्यात जेमतेम भागायचं.

दुसऱ्या बाजूला गुरांचे मालक. त्यांची हजारो जनावरं मोकळ्या सरकारी माळावर चरायची. आपल्या गायरानासारखंच समजा, फक्त गावाच्या ऐवजी एकाच बड्या माणसाचं झालेलं गायरान. कागदावर जमीन त्याची नव्हती, पण तो तिथे आधी आला होता, थंडीवाऱ्यात आणि मारामाऱ्यांत त्याने दिवस काढले होते, म्हणून त्याच्या लेखी ती त्याचीच. होमस्टेडर आला की नेमकी ओढ्याकाठची जमीन धरायचा. त्यात १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि कुंपण घालणं स्वस्त झालं. ओढ्याला कुंपण पडलं की मागचा अख्खा माळ गुरांसाठी निकामी. म्हणजे १६० एकरांसाठी भांडण होत नव्हतं, त्या १६० एकरांतून वाहणाऱ्या पाण्यासाठी होत होतं.

हे कल्पनेतलं नाही. एप्रिल १८९२ मध्ये वायोमिंगमधल्या बड्या गुरेवाल्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकबाज आणले, शायान शहरातून खास आगगाडी केली आणि जॉन्सन परगण्यावर चाल करून गेले. त्यांच्याकडे मारायच्या लोकांची यादी होती. नेट चॅम्पियन नावाच्या माणसाला त्यांनी केसी रँचवरच्या लाकडी घरात दिवसभर वेढून ठेवलं, शेवटी घर पेटवलं आणि बाहेर पळताना त्याला गोळ्या घातल्या. त्या दिवसभरात गोळीबार थांबेल तसतसा तो वहीत टिपणं लिहीत होता. ती वही नंतर त्याच्या अंगावर सापडली. पुढे परगण्यातल्या लोकांनीच या टोळीला टीए रँचवर घेरलं, तेव्हा तिला सोडवायला सरकारी घोडदळ धावलं. शिक्षा कुणालाही झाली नाही. सिनेमात रायकर ज्या विल्सन नावाच्या मारेकऱ्याला बोलावतो तो शायानहून येतो, हे ऐकलं की आता तुम्हाला कुठला वारा वाहतोय ते कळेल.

या दोन्ही पक्षांच्या आधीपासून ज्यांचा तो मुलूख होता त्या शोशोनी, शायान, अरापाहो या मूळ जमातींचे लोक सिनेमात फक्त रायकरच्या जुन्या जखमेच्या गोष्टीपुरते येतात. ही ‘शेन’ची खरी उणीव आहे. जमिनीच्या हक्कावर इतका वेळ वाद घालणाऱ्या सिनेमाला ती माफ करू नये.

पायरी ३: पहिल्यांदा बघताना हातांकडे बघा

पहिल्या खेपेला एवढंच करा. चेहऱ्यांइतकंच लोकांच्या हातांकडे लक्ष ठेवा. हा सिनेमा काम करणाऱ्या हातांचा आहे, आणि त्यातल्या एका माणसाचे हात दुसऱ्याच कामाला सरावलेले आहेत.

सुरुवातीलाच बघा. शेन अंगणात पाणी पितोय. स्टारेटचा लहान मुलगा जोई आपली रिकामी रायफल खेळता खेळता खटकन ओढतो. त्या आवाजासरशी शेन गर्रकन वळतो आणि त्याचा हात कमरेला गेलेला असतो. कुणी काही बोलत नाही. पण या माणसाला शांतपणे पाणी पिण्याची सवय नाही, एवढं आपल्याला कळलेलं असतं.

मग येतो बुंध्याचा प्रसंग. स्टारेटच्या अंगणात एका प्रचंड झाडाचा बुंधा आहे. तो कितीतरी दिवस त्याच्याशी झटतोय. शेन जेवतो. स्टारेटच्या बायकोने, मॅरियनने, पाहुण्यासाठी चांगली भांडी काढलेली असतात. तो उठतो, आभार मानतो, बाहेर जातो आणि थोड्या वेळाने कुऱ्हाडीचा आवाज येतो. जेवणाची परतफेड. मग दोघं पुरुष उघड्या अंगाने समोरासमोर उभे राहून आळीपाळीने घाव घालतात. घाम, चिरफळ्या, संगीत, बराच वेळ हेच. मी झोपलो तो बहुधा इथेच.

बाबांनी मात्र हा प्रसंग पुढे सरकून बघितला. ते आयुष्यभर शेती केलेले, परभणीकडचे. त्यांचं पहिलं वाक्य: ‘मुळं मोकळी केल्याबिगर वरून काय तोडतोय?’ मग कॅमेरा खाली गेला, मुळांवर घाव पडताना दिसले, तसे ते गप्प झाले. शेवटी बुंधा हलायला लागतो आणि मॅरियन म्हणते, घोडे जुंपा की. स्टारेट नाही म्हणतो. बाबा म्हणाले, ‘बैल हायेत दारात आन् अंगानं रेटतोय, येडा हाय का?’ आणि दोन क्षणांनी स्वतःच: ‘न्हाई. त्याला त्याच्यासंगं रेटायचंय.’

मी समीक्षेच्या चार पुस्तकांतून जे उचललं होतं, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं. या प्रसंगानंतर शेन आणि स्टारेट मित्र झाले, असं एकही पात्र तोंडाने म्हणत नाही. गरजही नाही.

पुढचा टप्पा दुकान आणि सलूनचा. शेन गावात जातो, हरणाच्या कातड्याचा अंगरखा उतरवून साधे शेतकऱ्याचे कपडे विकत घेतो, आणि जोईसाठी सोडा प्यायची बाटली मागायला सलूनच्या बाजूला शिरतो. रायकरचा एक गडी त्याची टर उडवतो आणि त्याच्या नव्या कोऱ्या शर्टावर व्हिस्की ओततो. शेन निघून येतो. खोऱ्यात बोभाटा होतो की हा भेकड आहे. इथे नवख्या प्रेक्षकाची चिडचिड होते. होऊ द्या. नंतर तीच रिकामी बाटली परत करायला तो पुन्हा जातो, तेव्हा काय होतं ते बघा. त्या मारामारीच्या मध्येच जोई दाराशी उभा राहून साखरेची कांडी कडाकडा चावतोय, तेही चुकवू नका. मुलाला हिंसेची चव कशी लागते हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता टॉरीचा प्रसंग. खरं तर ‘शेन’ बघायचा तो यासाठी. अर्ध्याहून जास्त सिनेमा उलटून गेलाय आणि तोवर पडद्यावर एकही माणूस गोळीने मेलेला नाही. टॉरी हा दक्षिणेकडचा, तापट, बढाईखोर, आणि मनातून घाबरलेला. पाऊस पडून गेलाय, रस्त्यावर चिखलाचा रेंदा. विल्सन वर लाकडी ओट्यावर कोरड्यात उभा आहे. टॉरी खाली चिखलातून, घसरत, तोल सावरत येतोय. वर उभा असलेला आणि खाली उभा असलेला, इथेच निकाल लागलेला असतो. विल्सन सावकाश काळा हातमोजा चढवतो. गोड आवाजात टॉरीच्या मुलखाला नावं ठेवतो. टॉरीचं पिस्तूल जेमतेम बाहेर येतं, तोवर विल्सनचं रोखलेलं असतं. आणि मग विल्सन थांबतो. एक श्वास. टॉरीला कळेपर्यंत. मग बार.

टॉरी मागे उडून चिखलात पडतो. अभिनेता एलिशा कुक यांच्या अंगाला दोर बांधून त्यांना खरोखर मागे खेचलं होतं. तोवरच्या सिनेमांत गोळी लागली की माणूस छातीवर हात ठेवून हळूच लवंडायचा. स्टीव्हन्स यांना ते खोटं वाटत होतं, आणि त्यांना ते म्हणायचा अधिकार होता. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराच्या चित्रीकरण पथकाचे प्रमुख होते. नॉर्मंडीपासून डाखाऊच्या छळछावणीपर्यंत त्यांचं पथक चित्रण करत गेलं, आणि त्यातलं छळछावणीचं चित्रण नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरलं गेलं. युद्धाआधी हाच माणूस हलक्याफुलक्या विनोदी सिनेमांसाठी ओळखला जायचा. डाखाऊहून परतल्यावर गोळी म्हणजे काय ते त्याला गंमतीत दाखवता येईना. गोळ्यांचा आवाज एवढा मोठा का, याचं उत्तर इथे आहे.

एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो. विल्सन पहिल्यांदा सलूनमध्ये शिरतो तेव्हा जमिनीवर पडलेला एक कुत्रा उठून शेपूट घालून बाजूला होतो. विल्सनचं काम करणारे जॅक पॅलन्स सिनेमाभर फार बोलत नाहीत. कुत्र्याने त्यांची ओळख करून दिलेली असते.

पायरी ४: रायकरचं म्हणणं ऐकून घ्या

सिनेमा मध्येच थांबवायचा असेल तर ४ जुलैच्या रात्री थांबवा. त्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि स्टारेट नवरा-बायकोच्या लग्नाचा वाढदिवसही असतो. नाचगाणं आटोपून मंडळी घरी येतात तर अंगणात रायकर आणि विल्सन उभे. रायकर स्टारेटला भागीदारी देऊ करतो आणि मग पोटतिडकीने बोलतो: हा मुलूख आम्ही राहण्याजोगा केला, रक्त सांडलं, आणि आता तुम्ही आयते येऊन नांगर घालता आणि ओढे अडवता. स्टारेट त्याला उत्तर देतो की तुझ्याही आधी इथे लोक होते, आणि कष्ट फक्त तूच केलेले नाहीस.

मित्रमंडळीत बघत असाल तर इथे दहा मिनिटं वाद घाला. आमच्याकडे एक मावसभाऊ शेवटपर्यंत रायकरच्या बाजूने होता. त्याची स्वतःची जमीन कूळकायद्यात गेलेल्या घरातली, त्यामुळे त्याला रोखणार कोण. पण एवढं खरं की नायकाच्या बाजूचा कायदा आणि खलनायकाच्या बाजूची कैफियत, दोन्ही नीट मांडली म्हणूनच पुढची हाणामारी पोकळ वाटत नाही.

आणि हे दोघं बोलत असताना मागे बघा. विल्सन घोड्यावरून उतरतो, पाणी पितो. शेन उभा आहे. दोघं एकमेकांना जोखतायत, एक शब्द नाही. दोन सोनार एकमेकांच्या हातातला दागिना दुरून पारखतील तसे.

पायरी ५: दुसरी खेप, जोईच्या उंचीवरून

(हा भाग पहिल्यांदा बघून झाल्यावरच वाचा.)

दुसऱ्यांदा बघायला महिनाभर जाऊ द्या. यावेळी प्रत्येक प्रसंगात जोई कुठे आहे ते शोधा. कुंपणामागे, दाराच्या फटीत, झुलत्या दारांखाली. बराचसा सिनेमा त्याने पाहिलेला आहे, म्हणून तर शेन इतका उंच, इतका नीटनेटका दिसतो. शेनचं काम करणारे ॲलन लॅड प्रत्यक्षात ठेंगणे होते. मुलाच्या नजरेतून ते कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रँड टेटॉनची शिखरं अंगणाला लागून असल्यासारखी दिसतात, तेही लांब पल्ल्याच्या भिंगांमुळे. लहानपणी सगळंच जवळ आणि मोठं असतं.

शेन जोईला पिस्तूल कसं चालवायचं ते दाखवतो, तेवढ्यात मॅरियन येते. तिला या खोऱ्यात एकही पिस्तूल नको आहे, शेनचंही नको. शेनचं म्हणणं असं की पिस्तूल हे अवजार आहे, कुऱ्हाडीसारखंच, ते चांगलं की वाईट हे धरणाऱ्यावर. हा संवाद फार उद्धृत होतो आणि बहुतेक वेळा शेनच्या बाजूने होतो. दुसऱ्या खेपेला मॅरियनचा चेहरा बघा. सिनेमा तिला हरवत नाही. मॅरियनचं काम करणाऱ्या जीन आर्थर यांचा हा शेवटचा सिनेमा, आणि मला तरी सगळ्या पात्रांत तिचं पात्र सगळ्यात शहाणं वाटतं.

तिच्या आणि शेनच्या मधलं जे काही आहे, ते दोघांपैकी कुणी उच्चारत नाही. स्टारेटला ते कळलेलं आहे आणि तोही गप्प आहे. शेवटी निरोप घेताना मॅरियन आणि शेन हात मिळवतात, बस. आमच्या आईने इथे ‘बाई गं’ म्हणून पदर डोळ्यांना लावला. तिला होमस्टेड कायदा मी समजावला नव्हता.

शेवटच्या गोळीबारानंतर शेन जोईला सांगतो की माणूस मारल्यावर पुन्हा पहिल्यासारखं जगता येत नाही. मग तो निघतो. मागून मुलगा हाका मारत राहतो. तो स्मशानाच्या क्रॉसमधून पुढे जातो, वर डोंगराकडे. तो जखमी आहे, हे आपण पाहिलंय. घोड्यावर तो जिवंत बसलाय की नाही, यावर इतकी वर्षं वाद चालू आहे. तिथे थांबवून त्याचे खांदे आणि हात बघा आणि स्वतःचं ठरवा. बाबांचं मत विचारलं तर म्हणाले, ‘घोडं चाललंय. त्यो न्हाई चालवत.’

पायरी ६: मग ‘पेल रायडर’

‘शेन’ अंगात मुरल्यावर क्लिंट ईस्टवुड यांचा १९८५ चा ‘पेल रायडर’ लावा. क्रम उलटा करू नका. हा सिनेमा ‘शेन’ला उघड उघड समोर ठेवून रचलाय आणि ते ओळखण्यातच निम्मी मजा आहे. बुंध्याच्या जागी इथे ओढ्यातला अजस्र खडक. तापट टॉरीच्या जागी सोन्याचा गोळा सापडून झिंगलेला म्हातारा. जोईच्या जागी मेगन नावाची वयात येणारी मुलगी. गुरांच्या मालकाच्या जागी लाहूड हा खाणमालक.

फरकही मोठा आहे. शेनचा भूतकाळ लपलेला आहे, पण तो माणूस आहे. ईस्टवुडचा ‘प्रीचर’ मेगनच्या प्रार्थनेनंतर येतो. ती बायबलमधलं फिक्या घोड्यावर बसून येणाऱ्या मृत्यूचं वर्णन मोठ्याने वाचत असते आणि त्याच वेळी खिडकीबाहेरून तो जातो. त्याच्या पाठीवर जुन्या गोळ्यांच्या खुणा आहेत, इतक्या की तो वाचला कसा असा प्रश्न पडावा. गळ्यात मात्र पाद्र्याची पांढरी कॉलर. पिस्तूल घ्यायची वेळ येते तेव्हा तो तिजोरीच्या पेटीतून ते बाहेर काढतो आणि त्याच्या जागी ती कॉलर ठेवतो. एकाच पेटीत एका वेळी एकच काहीतरी. छान जमलंय ते.

याही सिनेमाला एक पार्श्वभूमी लागते. कॅलिफोर्नियात सोनं धुऊन काढणारे गरीब लोक तगारीसारख्या उथळ पात्रात ओढ्यातली वाळू घोळायचे. बड्या कंपन्यांनी वेगळाच मार्ग काढला. उंचावरून पाणी आणून लोखंडी तोंडातून इतक्या जोराने डोंगरावर मारायचं की अख्खी टेकडी चिखल होऊन खाली यावी. त्या तोफेसारख्या यंत्राला ‘मॉनिटर’ म्हणत. सोनं वेचून घेतल्यावर गाळ नदीत. नद्या उथळ झाल्या, पूर वाढले, सॅक्रामेंटो खोऱ्यातली शेतं गाडली गेली. शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडायला बंदी घातली. लाहूडला घाई का झालीय ते आता समजेल: सरकार कधीही हे बंद करील, त्याआधी जेवढं ओरबाडता येईल तेवढं. पडद्यावर ते मॉनिटर चालताना दिसतात, डोंगराचं मांस सुटं झाल्यासारखं दिसतं. गोव्यात खाणीचा गाळ भातशेतीत उतरलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हा सिनेमा वेगळाच लागेल.

ब्रूस सर्टीस यांचं छायाचित्रण मुद्दाम अंधारं आहे. घरातले प्रसंग खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात. त्यामुळे हा सिनेमा दुपारी बघू नका, पडद्यावर स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल. ‘शेन’च्या उलट, हा लहान मुलांसोबतही बघू नका. सुरुवातीलाच मेगनचा कुत्रा मारला जातो आणि पुढे तिच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न होण्याचा प्रसंग आहे. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही.

माझं मत विचाराल तर ‘पेल रायडर’ देखणा आहे, पण ‘शेन’पेक्षा हलका. भूत आलं की खर्च कमी होतो. प्रीचरला गमावण्यासारखं काही नाही, शेनला त्या घरातलं जेवणाचं ताट होतं.

पायरी ७: पुढे काय

इथवर आलात तर ईस्टवुड यांचाच १९७३ चा ‘हाय प्लेन्स ड्रिफ्टर’ बघा. तिथेही अनोळखी बंदूकबाज गावाचं रक्षण करायला येतो, फक्त ते गाव रक्षण करण्याच्या लायकीचं आहे का हा प्रश्न आहे. मग अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ आणि त्यावरून १९६० मध्ये निघालेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’. हे पाहून मग ‘शोले’ परत लावा. गब्बरच्या संवादांवर टाळ्या वाजवत आपण ठाकूरच्या अंगणातली काय काय चित्रं नुसती ओलांडून गेलो होतो ते दिसेल.

एकाच दिवशी दोन वेस्टर्न मात्र लावू नका. आम्ही एका रविवारी ते केलं. संध्याकाळी बाबा अंगणातल्या जुन्या बाभळीच्या बुंध्याकडे बघत बसले होते आणि कुऱ्हाड कुठे ठेवलीय ते विचारत होते.